जागा तीच, तारीख वेगळी: नागपूरच्या एका निसर्गचित्रकाराचं प्रकरण

नागपुरातल्या एका जलरंग चित्रकाराने २०२३ च्या पुरानंतरच्या दोन वर्षांत आपल्या कामाची दिशा कशी बदलली, त्याची ही नोंद आहे. ओळख कळू नये म्हणून नाव, वस्ती आणि खरेदीदारांचे तपशील गाळले आहेत, रकमा ढोबळ ठेवल्या आहेत. इथे त्यांना फक्त ‘चित्रकार’ म्हटलं आहे. निसर्गावर काम करणाऱ्या आणि त्यावरच घर चालवू पाहणाऱ्या मंडळींना यातल्या अडचणी ओळखीच्या वाटतील.

पार्श्वभूमी

चित्रकारांचं शिक्षण नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात झालं. पुढची बारा-तेरा वर्षं मिळकत तीन ठिकाणांहून येत होती. घरचे क्लास, त्यात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी मुलं जास्त. दुसरं म्हणजे पेंच आणि ताडोबाच्या बाजूच्या रिसॉर्टसाठी वाघ, २४ × ३६ इंची कॅनव्हासवर अॅक्रिलिकमध्ये, बहुतेक वेळा मालकाने पाठवलेल्या फोटोवरून. आणि दिवाळीच्या सुमारास भेट म्हणून जाणारी छोटी जलरंग चित्रं. वाघ कायम विकले जात. क्लासने महिना निघायचा, वाघांनी वर्ष निघायचं.

लँडस्केप ही मात्र आवडीची गोष्ट होती. रविवारी सकाळी अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स किंवा गोरेवाड्याला जाऊन स्पॉटवर केलेली जलरंग चित्रं पोर्टफोलिओत साठत गेली. त्यातली फार थोडी विकली गेली. ही चित्रं पाहिली की एक सवय लगेच लक्षात येते: विजेचे खांब, तारा, प्लास्टिक, बॅरिकेड, दूरचं धुराडं, सगळं गाळलेलं. लँडस्केप शिकताना ‘नको ते काढून टाका’ हे प्रत्येकाला शिकवलं जातं आणि रचनेच्या दृष्टीने ते चूकही नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी कधी सोडली नव्हती. प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलने जागा आणि तारीख.

पूर आणि त्यातून पुढे आलेली अडचण

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत धो धो पाऊस झाला, १८७० चा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने काठ सोडले. खालच्या वस्त्यांमध्ये लोक झोपेत असताना पाणी घरात आलं. चित्रकारांचा स्टुडिओ तळमजल्यावर होता. कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत ठेवलेले पोर्टफोलिओ पाण्याखाली गेले.

पुढचे दोन दिवस चित्रं वाचवण्यात गेले. हे काम कसं झालं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण अशा वेळी बहुतेकांच्या हातून पहिल्या तासातच नुकसान वाढतं. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, म्हणून रबरी हातमोजे आणि मास्क आधी. गाळ पुसायचा नाही. ओल्या कागदावर बोट फिरवलं की तंतू सुटतात आणि गाळ आत दाबला जातो. घमेल्यात स्वच्छ पाणी घेऊन चित्र आडवं बुडवायचं, खाली प्लास्टिकची जाळी धरायची, पाणी गढूळ झालं की बदलायचं. मग टीपकागदाच्या दोन थरांमध्ये ठेवून वर हलका प्लायवूड. टीपकागद पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी बदलायचा. वर्तमानपत्र वापरायचं नाही, शाई उतरते. ओल्या कागदावर ४८ तासांत बुरशी धरू शकते आणि सप्टेंबरातल्या नागपूरच्या हवेत तर हमखास, म्हणून खोलीत पंखे रात्रंदिवस सुरू. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), म्हणजे जाड, कॉटन कागदावरची चित्रं बऱ्यापैकी वाचली. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावरची लिबलिबीत होऊन गेली.

वाचलेली चित्रं वाळवण्यासाठी मांडली, तेव्हा अंबाझरीच्या बांधावरून वेगवेगळ्या वर्षी केलेली सात-आठ चित्रं पहिल्यांदाच शेजारी शेजारी आली. जलपर्णी कुठवर आली होती, काठावरची कोणती झाडं होती आणि नंतर नव्हती, पाण्याची कड कुठे होती, हे त्यांत दिसत होतं. दहा वर्षांची एक नोंद आपोआप तयार झालेली होती.

पण ती विश्वासाने वाचता येत नव्हती. एक तर खांब-तारा-बॅरिकेड गाळल्यामुळे काठावर काय नव्याने आलं ते चित्रांत नव्हतंच. आणि दुसरं कारण जास्त गंभीर होतं. काही वर्षं बैठकीत उजेडासमोर टांगलेल्या चित्रांमधली हिरवळ निळसर झाली होती आणि संध्याकाळच्या आकाशातला गुलाबी जवळजवळ उडाला होता. हा पुराचा परिणाम नव्हता. ते रंगच उजेडात न टिकणारे होते. बदल दाखवणाऱ्या चित्रात रंग स्वतःच बदलत असेल, तर तळ्याचं पाणी बदललं की ट्यूबमधला रंग, हे पाहणाऱ्याला कसं कळणार?

या प्रकरणातले पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या एका प्रश्नावरून झाले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता तसंच चालू ठेवण्याचा: वाघ आणि क्लास सांभाळायचे, लँडस्केप रविवारी. यात पैशाचा धोका नव्हता. पण पुरात स्टुडिओचं सामान गेल्यामुळे नवी खरेदी करायचीच होती, आणि ती कशासाठी करायची हे ठरवावं लागणार होतं.

दुसरा पर्याय ओळखीच्या क्युरेटर मंडळींनी सुचवला. औष्णिक वीज केंद्राची राख, खाणीची धूळ, नाग नदीचा गाळ हेच साहित्य म्हणून वापरायचं आणि मोठ्या आकाराची मांडणी करायची. अशा कामाकडे मोठ्या शहरांतल्या गॅलऱ्यांचं लक्ष लवकर जातं. अडचण अशी की चित्रकारांचा हात जलरंगाचा, आणि मांडणीला लागणारी जागा, वाहतूक व गोदाम यांचा खर्च विक्रीआधीच करावा लागतो.

तिसरा पर्याय ठरावीक जागांच्या मालिकेचा. मोजक्या जागा निवडायच्या, प्रत्येक ऋतूत त्याच जागी उभं राहून त्याच चौकटीचं चित्र करायचं, काहीही गाळायचं नाही. आकर्षण कमी, वेळ जास्त आणि दोन वर्षं तरी दाखवण्यासारखं काही हाती येणार नाही.

चौथा पर्याय कंपन्यांच्या सामाजिक निधीतून काम मिळवण्याचा होता. त्याबद्दल पुढे.

तिसरा निवडला गेला. आमच्या मते बरोबर निवडला गेला, कारण चित्रकारांकडे जे आधीच होतं ते त्याच दिशेचं होतं: जलरंगाचा हात, दहा वर्षांच्या तारखा आणि जागांची ओळख. राखेचा पर्यायही पूर्ण सोडला नाही. त्याचं काय झालं ते खाली येईल.

जागा आणि नियम

सहा जागा ठरल्या. अंबाझरीचा सांडवा. पारडीच्या पुढचं नाग नदीचं पात्र. कोराडी तलावाचा काठ, जिथून पाण्यापलीकडे वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. खापरखेड्याजवळचा बीना संगम, जिथे कन्हान, पेंच आणि कोलार एकत्र येतात. गोरेवाडा तलाव. आणि उमरेडच्या उघड्या कोळसा खाणीकडे पाहणारा रस्त्याचा एक कोपरा.

दर वर्षी प्रत्येक जागेची चार चित्रं: मे, ऑगस्ट, ऑक्टोबरचा शेवट आणि जानेवारी. नियम थोडेच होते, पण लिहून काढले. उभं राहण्याची जागा फोनवरच्या अक्षांश-रेखांशांनी नोंदवायची आणि जवळच्या पक्क्या खुणेपासूनचं अंतरही लिहायचं, कारण झाडाखाली किंवा पुलाजवळ फोनची नोंद काही मीटर इकडेतिकडे जाते. चौकट पहिल्या चित्राच्या फोटोवरून जुळवायची. सूर्य साधारण त्याच उंचीवर असताना काम सुरू करायचं. चौकटीत जे दिसतं ते चित्रात येणार: खांब, तारा, पोती, जेसीबी, फलक.

शेवटचा नियम पाळणं सर्वांत अवघड गेलं. अंबाझरीच्या सांडव्यापाशी विवेकानंदांचं स्मारक आहे. पाण्याच्या वाटेत ते अडथळा ठरतं का, हा प्रश्न पुरानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. चौकटीत स्मारकाची कड येत होती. घेतली तर लोक भूमिका शोधणार, गाळली तरीही शोधणार. नियमाप्रमाणे ते जेवढं दिसतं तेवढंच घेतलं गेलं, रंगाने किंवा रेषेने जोर न देता. पुढे प्रदर्शनात याबद्दल विचारणा झाली तेव्हा लिखित नियम दाखवता आला आणि विषय तिथेच संपला. नियम आधी लिहून ठेवण्याचा हा थेट फायदा.

वीज केंद्राच्या परिसरात किंवा खाणीच्या हद्दीत शिरायचं नाही, सार्वजनिक रस्त्यावरून किंवा काठावरूनच काम करायचं, हेही ठरलेलं होतं. तरी सुरक्षारक्षक हटकतात. ओळखपत्र, आधीच्या चित्राची एक प्रिंट आणि सोबत एक माणूस एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. पावसात सांडव्याच्या खालच्या बाजूला थांबायचं नाही, हे सांगायला नको.

रंगांची परीक्षा

काम चालू असतानाच २०२४ च्या एप्रिल ते जून या काळात घरातल्या सगळ्या ट्यूबची परीक्षा झाली. पद्धत साधी आहे. कॉटन कागदाच्या पट्टीवर प्रत्येक रंगाचा एक दाट आणि एक अगदी पातळ हात द्यायचा. अर्धी पट्टी काळ्या कागदाने आणि वरून अॅल्युमिनियम फॉइलने झाकायची. दक्षिणेकडच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवायची. दर महिन्याला फॉइल उचलून दोन्ही भाग शेजारी पाहायचे. पातळ हात पाहणं महत्त्वाचं, कारण रंग आधी तिथेच उडतो, आणि जलरंगात आकाश आणि पाणी पातळ हातानेच होतं.

निकाल स्पष्ट होता. झगझगीत गुलाबी ‘ऑपेरा रोज’ पातळ हातात जवळजवळ नाहीसा झाला. पारंपरिक अलिझरिन क्रिमसन, म्हणजे पीआर ८३ या क्रमांकाचं रंगद्रव्य, फिकट झाला. विद्यार्थी दर्जाच्या सॅप ग्रीनमधला पिवळा भाग गेला आणि निळसर छटा उरली; जुन्या चित्रांतल्या निळ्या झाडांचं कारण हेच. अल्ट्रामरीन (पीबी २९), यलो ऑकर (पीवाय ४३), बर्न्ट सिएना (पीबीआर ७) आणि इंडियन रेड (पीआर १०१) यांच्यात फरक दिसला नाही.

त्यानंतर रंगाची पेटी नऊ ट्यूबवर आली आणि ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक नसेल तर ती घ्यायची नाही, असं ठरलं. हिरवे सगळे मिसळून करायचे. एक जागा खरी अडचणीची होती: जलपर्णीची फुलं. ती फिकट जांभळी, पाकळीवर पिवळा ठिपका. ऑपेरा रोजने ती हुबेहूब उतरतात आणि हात तिकडेच जातो. त्याऐवजी क्विनाक्रिडोन रोज (पीव्ही १९) आणि थोडं अल्ट्रामरीन घेतलं. फूल किंचित मंद दिसतं, पण दहा वर्षांनी तसंच दिसेल. पळसाच्या केशरीसाठी पायरोल ऑरेंज (पीओ ७३) पुरेसा ठरला.

ऊन, पाऊस आणि कागद

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. सकाळी साडेआठनंतर १५ × २२ इंची कागदावर सलग वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसंध हात, देणं अशक्य होतं. वरून खाली येईपर्यंत वरची कड वाळून रेघ धरते. यावर तीन उपाय झाले. स्पॉटवरचं काम ११ × १५ इंच, म्हणजे पाव शीटवर आणलं. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अॅक्रिलिक शीटवर पसरायचा, त्यामुळे खालून ओल टिकते. आणि पेल्यातल्या पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब. जास्त टाकलं तर रंग चिकट राहतो आणि पावसाळ्यात माउंटला, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीला, डकतो, म्हणून ऑगस्टमध्ये ग्लिसरीन अजिबात नाही.

ऑगस्टमध्ये उलटं होतं. वॉश अर्धा-पाऊण तास ओला राहतो, त्यात पुढचा हात गेला की पांढरट फुलांसारखे डाग उठतात. तेव्हा वाट पाहण्यावाचून इलाज नाही. हेअर ड्रायर स्पॉटवर नसतो आणि टिपलं तर आकाशाचा पोत जातो.

कागद ३०० जीएसएम, शंभर टक्के कॉटन, पूर्ण शीटला हजार रुपयांच्या आसपास. एका शीटमधून चार चित्रं निघतात, म्हणजे चित्रामागे अडीचशे. इथे काटकसर करायची नाही, हे पुराने शिकवलं होतं.

‘नदीचं चित्र नदीच्याच पाण्याने’ असाही एक प्रयोग झाला. नाग नदीचं पाणी गाळून वापरलेल्या नमुन्यांवर त्याच पावसाळ्यात तपकिरी ठिपके आले. त्या पाण्यात सेंद्रिय घाण इतकी असते की डिंकावर जगणाऱ्या बुरशीला आणखी खुराक मिळतो. शिवाय ब्रश तोंडाला लावून टोक करण्याची सवय असलेल्यांसाठी हे धोक्याचंही आहे. प्रयोग बंद झाला, मालिकेत त्यातलं एकही चित्र नाही.

राखेचा रंग

जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राखेच्या तळ्याचा बांध फुटला होता आणि राख शेतांत, नाल्यात गेली होती. कोराडी आणि बीना संगमाच्या चित्रांत राखाडी छटा खऱ्या राखेची असावी, असा विचार त्यातून आला. भारतीय दगडी कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्के असतं, त्यामुळे ती मिळण्याची अडचण नव्हती. फ्लाय अॅशच्या विटा करणाऱ्या एका कारखानदाराने दोन किलो दिली.

राख जशीच्या तशी रंग होत नाही. त्यात विरघळणारे क्षार असतात. चित्र वाळल्यावर ते पांढऱ्या पापुद्र्यासारखे वर येतात. म्हणून धुवावी लागते. बादलीत पाणी घेऊन राख ढवळायची. वर तरंगतो तो न जळलेला कोळसा आणि पोकळ गोळ्या, ते चहाच्या गाळणीने काढायचं. अर्धा मिनिट थांबून वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. तळाशी बसलेली जाड राख टाकून द्यायची. दुसऱ्या भांड्यातली राख रात्रभर बसू द्यायची, वरचं पाणी काढायचं, नवं घालायचं. लिटमसची पट्टी उदासीन दाखवेपर्यंत हे चालू ठेवायचं; इथे चार-पाच पाणी लागली.

बांधणीला बाभूळवर्गातल्या झाडाचा डिंक, म्हणजे गम अरेबिक. एक भाग डिंक, दोन भाग पाणी, रात्रभर भिजवून मलमलने गाळायचा. चार भाग द्रावणाला एक भाग मध, लवंग तेलाचे काही थेंब. राख आणि हे द्रावण साधारण समप्रमाणात घेऊन काचेवर मुलरने, म्हणजे सपाट बुडाच्या काचेच्या वरवंट्याने, घोटायचं. राखेचे कण गोल असल्यामुळे ते कागदाला नीट धरत नाहीत, बोट फिरवलं की निघतात. डिंक वाढवला तर उन्हाळ्यात भेगा पडतात. शेवटी राख एक भाग आणि बाजारचा आयव्हरी ब्लॅक व ऑकर मिळून एक भाग, असं मिश्रण टिकलं.

धोका विसरून चालणार नाही. राखेत सिलिका असते, शिवाय अल्प प्रमाणात आर्सेनिक, शिसं, पारा यांसारखे घटक. कोरडी राख हाताळताना एन-९५ मास्क, शक्यतो सगळं काम ओलं, ओटा झाडायचा नाही तर ओल्या फडक्याने पुसायचा, धुतलेलं पाणी मोरीत सोडायचं नाही. क्लासच्या मुलांना राखेचा रंग करून दाखवा, अशी एका शाळेची मागणी आली होती. ती नाकारली, आणि ते योग्यच होतं. मुलांसाठी काव आणि शेतातली माती आहे.

निर्णयाचे प्रसंग

*चित्राखालची ओळ.* राखेची पाच चित्रं तयार झाल्यावर एका क्युरेटरने सुचवलं की खाली ‘कन्हान नदीतून आलेली राख’ असं लिहावं. वाचणाऱ्याच्या मनाला ते भिडलं असतं. पण राख विटांच्या कारखान्यातून आली होती. ती कोणत्या संचाची, कोणत्या तळ्याची, हे सांगता येत नव्हतं. खाली ‘औष्णिक केंद्राची राख, वीट उत्पादकाकडून’ एवढंच लिहिलं. मालिकेचं सगळं वजन तारीख आणि जागा खरी असण्यावर होतं. एक ओळ सैल झाली असती तर बाकीच्या चाळीस चित्रांवरही कोणी विश्वास ठेवला नसता.

*दिनदर्शिका.* २०२५ च्या उन्हाळ्यात ऊर्जाक्षेत्राशी संबंधित एका उद्योगाकडून प्रस्ताव आला, म्हणजे आधी म्हटलेला चौथा पर्याय. बारा चित्रांचे हक्क दिनदर्शिकेसाठी, रक्कम दोन वर्षांच्या वाघांइतकी. अट एकच: कोराडी आणि उमरेडची चित्रं नकोत. घरात यावर बरीच चर्चा झाली. होकाराच्या बाजूचं म्हणणं खोटं नव्हतं: गोरेवाडा आणि अंबाझरीची चित्रं हजारो घरांत गेली असती आणि पुढच्या दोन वर्षांचा खर्च सुटला असता. चित्रकारांनी उलट प्रस्ताव दिला की सहाही जागांमधली प्रत्येकी दोन घ्या, निवड आम्ही करू. तो मान्य झाला नाही आणि बोलणं संपलं. त्या वर्षी वाघांची तीन जादा कामं घ्यावी लागली आणि मे महिन्यातला उमरेडचा दौरा हुकला. नकाराची किंमत मालिकेतच मोजली गेली, हे सांगायला हवं.

*फ्रेम.* हा निर्णय फ्रेमवाल्याच्या दुकानात झाला. खर्च वाचवण्यासाठी माउंट न लावता काच थेट चित्रावर ठेवायची, असा विचार होता. फ्रेमवाल्याने जुनी एक फ्रेम उघडून दाखवली. काचेला आतून चित्राचा रंग डकलेला, कडेला बुरशीचे गोल. “ताई, काच कागदाले टेकली का पावसाळ्यात घाम धरते. मंग मले नका म्हनू.” अॅसिडमुक्त माउंट, काच आणि कागदात दोन-तीन मिलिमीटरची फट, मागे टेपऐवजी गव्हाच्या खळीने लावलेल्या कागदी बिजागऱ्या, असं ठरलं. फ्रेममागे सोळाशे रुपये पडले.

प्रदर्शन आणि हिशेब

२०२५ च्या हिवाळ्यात सिव्हिल लाइन्समधल्या एका दालनात बेचाळीस चित्रं लागली. जागेनुसार ओळी, ओळीत तारखेचा क्रम. दर चौरस इंचाला ६० रुपये ठेवला होता. ११ × १५ इंची चित्राचे १६५ चौरस इंच, म्हणजे ९,९०० रुपये. त्यातून दालनाचं ३३ टक्के कमिशन ३,२६७; त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी ५८८, जो नोंदणी नसलेल्या चित्रकाराला परत मिळत नाही; कागद, रंग आणि फ्रेम मिळून २,०५०. हाती ३,९९५ रुपये, आणि यात प्रवास व दिवस धरलेले नाहीत. दर ठरवताना हा हिशेब मांडला नव्हता. हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, नोंदणी असलेल्यांना त्याचा उपयोग आहे. पण लहान चित्रकाराचं मार्जिन कमिशन आणि फ्रेम हीच खातात.

सतरा चित्रं विकली गेली, नागपूरच्या मानाने चांगली. विक्रीतच एक घोटाळा झाला. अंबाझरीच्या ओळीतलं पुरानंतरच्या ऑक्टोबरचं चित्र पहिल्याच दिवशी एका कुटुंबाने घेतलं. त्यांच्याही घरात पाणी शिरलं होतं. त्यांना ते द्यावंसं वाटणं समजण्यासारखं आहे. पण ते गेल्यावर ओळीचा आरंभच गेला. चित्राचं नीट स्कॅनिंग झालेलं नव्हतं, फोनवरचा फोटो तेवढा होता. त्या कुटुंबाने पुढे स्कॅनिंगसाठी चित्र आनंदाने दिलं, म्हणून निभावलं.

आज मिळकतीत क्लासचा वाटा निम्मा आहे, वाघ वर्षाकाठी पाच-सहा आणि उरलेलं मालिकेतून. पर्यावरण शिकवणाऱ्या एका महाविद्यालयाने सहा जागांच्या प्रतिमा वर्गात वापरण्यासाठी वार्षिक शुल्क देऊन घेतल्या. हे उत्पन्न लहान आहे पण त्यात फ्रेम नाही, कमिशन नाही. मुंबईच्या जहांगीर कलादालनासाठी अर्ज केला आहे. तिथली प्रतीक्षा वर्षांची असते, त्यामुळे तो लवकर करून ठेवणंच बरं.

वेगळं काय करता आलं असतं

चित्रं सुटी विकायला नको होती. एका जागेची एका वर्षातली चार चित्रं मिळून एक संच, ३६,००० रुपये, आणि प्रदर्शनासाठी उसनी देण्याची लेखी अट, असा बेत आता ठरला आहे. सुटं घ्यायचं असेल त्यांच्यासाठी स्टुडिओत वेगळी चित्रं. स्कॅनिंग ६०० डीपीआयवर, शेजारी रंगपट्टी ठेवून, फ्रेम करण्याआधी.

प्रायोजकत्वाचं धोरण प्रस्ताव येण्याआधी लिहून ठेवायला हवं होतं. स्मारकाच्या बाबतीत लिखित नियमाने काम सोपं केलं, तेच इथेही झालं असतं. समोर रक्कम असताना तत्त्व शोधायला बसलं की घरातल्या घरात ताण होतो.

रंगांची परीक्षा मालिकेच्या आधी व्हायला हवी होती. पहिल्या सात महिन्यांतली काही चित्रं जुन्या ट्यूबनी झाली आहेत. त्यांच्या मागे तसा शेरा आहे आणि ती अंधाऱ्या कप्प्यात ठेवली जातात.

आणि उमरेड. उघडी खाण पुढे सरकते, तसे मातीचे ढिगारे आणि रस्तेही सरकतात. २०२५ च्या पावसाळ्यानंतर चित्रकार तिथे गेल्या तेव्हा उभं राहण्याचा कोपराच वळवलेल्या रस्त्याबरोबर गेला होता. नोंदवलेल्या बिंदूवर आता मुरमाचा ढीग आहे. पक्की खूण म्हणून कडुनिंबाचं झाड धरलं होतं, तेही नाही. पूल, मैलाचा दगड, देवळाचा चौथरा अशी खूण धरली असती तरी इथे कदाचित तीही टिकली नसती, पण बाकी पाच जागांसाठी हा बदल लगेच केला आहे. उमरेडसाठी दोन किलोमीटरवरचा नवा बिंदू घेतला. त्याला सहावी जागा न म्हणता सातवी म्हटलं आहे. सहाव्या जागेच्या ओळीत जानेवारी २०२५ नंतर रिकामी फ्रेम लावायची की ओळ तिथेच थांबवायची, हे पुढच्या प्रदर्शनाआधी ठरवायचं आहे. चित्रकारांचा कल ओळ थांबवून खाली फक्त तारीख आणि अक्षांश-रेखांश लिहिण्याकडे आहे.